उत्तरेकडे जाणारा अंतरपाट

बायको गेली त्या दिवशी सोमवार होता. तिने चहा केला, लॅपटॉप उघडला आणि खुर्चीत बसली. मी दूध आणायला खाली उतरलो. परत आलो तेव्हा ती गेली होती. डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं. मी मुलीला फोन केला.

त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहू शकतो. मला लिहायचं आहे ते त्याआधीच्या वर्षाबद्दल. ते वर्ष आम्ही हसण्यात घालवलं. निवृत्त झालेली दोन माणसं भरदुपारी घरात एवढी कशाला हसतात हे पाहायला शेजारीण एकदा वाटी घेऊन साखर मागायला आली आणि साखर न घेताच परत गेली, असं ते वर्ष होतं.

मी मराठीचा शिक्षक. डहाणूकडच्या गावातून नोकरीसाठी सिल्वासाला आलो, इथल्या शाळेत शिकवलं आणि इथेच निवृत्त झालो. ती खानदेशातली. जमीनमोजणीच्या सरकारी कचेरीत नकाशे काढायची. आधी शाईने, नंतर कॉम्प्युटरवर. डोकमर्डीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पुस्तकं माझी आणि आवाज तिचा, अशी वाटणी होती. आनंद झाला की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची. "देखा, देखा" अशी हाक आली की हातातलं पुस्तक मिटायचं, हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो होतो.

ती निवृत्त झाली तेव्हा पहिले काही दिवस तिने आमच्या घराचाच नकाशा काढला. त्यात माझ्या पुस्तकांच्या कपाटावर "अतिक्रमण" असा शेरा होता. तो उद्योग संपल्यावर तिने मुलीचा जुना लॅपटॉप कपाटातून काढला. मुलगी पुण्याला नोकरी करायची, तिला तो नको होता. यूट्यूबवर हिंदीतून वेबपान बनवायला शिकवणारा कुणी मुलगा तिला सापडला आणि त्याचं ऐकत ऐकत ती कामाला लागली. पुढे त्या मुलाचा आवाज आमच्या घरात कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा झाला.

पहिली हाक आली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण घेऊन बाहेर आलो. पडद्यावर एक लाल चौकोन होता. तिने त्यावर टिचकी मारली, तो पिवळा झाला.

मी छान म्हटलं.

"छान काय? उडी मारली त्याने," ती म्हणाली. "मला उडी नको. मला तो जाताना दिसायला पाहिजे."

सांगितल्याबरोबर काम होणं तिला आयुष्यात प्रथमच भेटलं होतं, असं तीच म्हणायची. कचेरीत इतकी वर्षं काढली, पण सांगितल्या क्षणी कुणी काही केल्याचं पाहिलं नाही. आणि आता एक आज्ञाधारक मिळाला तर तो असा घाईघाईचा. तिने दोन दिवस त्या घाईवर उपाय शोधला. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा लाल चौकोन सावकाश पिवळा होत होता, आणि मधे काही क्षण तो झेंडूसारखा नारंगी दिसत होता.

तिने माझा हात धरला. "नारंगी मी कुठेच लिहिलेला नाही," ती म्हणाली. "लाल लिहिला, पिवळा लिहिला. नारंगी त्याचा तो आला."

मग आम्ही दोघं तो चौकोन लाल-पिवळा, पिवळा-लाल करत बसलो. मधे जेवायची वेळ होऊन गेली. निळ्याचा पिवळा केला तर मधे राखाडी येतो, हे कळल्यावर ती थोडी खट्टू झाली. हिरवा येईल म्हणून ती वाट बघत होती. चित्रकलेच्या तासाला शिकलेलं सगळं इथे चालत नाही, असं तिने त्या हिंदीतल्या मुलाला उद्देशून मोठ्याने सांगितलं.

जावास्क्रिप्ट म्हणजे पानावरच्या वस्तूंना हुकूम सोडायची भाषा, एवढं मला समजलं होतं. मी भाषेचा माणूस असल्याने तिने मला व्याकरणाच्या कामाला जुंपलं. या भाषेत दोन शब्द जोडताना दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतात, म्हणून सबंध शब्दाला उंटासारखी पाठ येते, आणि त्या पद्धतीला उंटाचंच नाव आहे. आपल्या लिपीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर असा भेदभाव नाही. त्यामुळे ती दर वेळी उंटाची पाठ सपाट करून टाकायची आणि रंग काही बदलायचा नाही. मी मागे उभा राहून "उंट" एवढंच म्हणायचो. ती न वळता दुरुस्त करायची. घरात कुणी पाहुणे असले आणि मी मधेच "उंट" म्हणालो की ते माझ्याकडे बघायचे.

एकदा भलताच घोळ झाला. तिने आधी चौकोन डावीकडे ठेवायची ओळ लिहिली, लगेच खाली तो उजवीकडे न्यायची ओळ लिहिली, आणि चौकोन मुळी चाललाच नाही. पान उघडलं की तो आपला उजवीकडे जाऊन बसलेला. दुपार गेली. संध्याकाळी कोथिंबीर निवडता निवडता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ब्राउझर सगळ्या ओळी आधी वाचून काढतो आणि मग एकदाच पडद्याकडे बघतो. डावीकडचं त्याने पाहिलंच नाही, तर तिथून निघणार कसा? त्याला आधी एकदा बघायला लावायचं, मग पुढचं सांगायचं.

मी म्हटलं, वर्गात मुलांनाही असंच करावं लागतं.

"मग तुम्हीच शिकवा त्याला," ती म्हणाली. तिने मधे थांबायची एक ओळ घातली आणि चौकोन निघाला. निवडलेली कोथिंबीर त्या रात्री कशातच पडली नाही.

यानंतर घरात स्थिर असं काही उरलं नाही. माझा शाळेतल्या निरोपसमारंभाचा फोटो तिने पानावर लावला आणि टिचकी मारली की चष्मा नाकावरून घसरत शालीपर्यंत जाईल अशी सोय केली. किराण्याची यादी केली. आणलेली वस्तू फिकी होत होत नाहीशी व्हायची, फक्त हिंग कितीही टिचक्या मारल्या तरी पुन्हा वर यायचा. ती म्हणाली, ही चूक नाही, हिंगाचा स्वभाव आहे.

मग तिला चाली सापडल्या. वस्तू इथून तिथे कशी जाते याचे त्या भाषेत प्रकार आहेत: काही वस्तू हळू निघतात, काही हळू थांबतात आणि त्या चालीला इज-आउट म्हणतात, काही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने जातात. तिने माझ्याकडे मराठी शब्द मागितले. एकाच वेगाच्या चालीला मी एकसुरी म्हटलं. दोन्हीकडे सावकाश आणि मधे भरभर अशी जी चाल होती तिला मी पाहुण्याची चाल म्हटलं. कारण पाहुणा निघताना आपल्या घराच्या दारात रेंगाळतो, वाटेत धावपळ करतो, आणि आपल्याकडे पोचल्यावर पुन्हा चप्पल काढताना रेंगाळतो. हा शब्द तिला इतका आवडला की तिने तो आल्यागेल्या सगळ्यांना लावून पाहिला. व्यवहारात खऱ्या पाहुण्याची चाल असलेली माणसं फार थोडी निघाली. मला तिने हळू निघणारा आणि हळू थांबणारा ठरवलं. मधलं भरभर आहे का ते तपासावं लागेल, असं म्हणाली.

त्याच सुमारास आम्ही दुधनीला गेलो होतो. धरणाच्या पाण्यात नावेतून एक फेरी मारली. काठ जवळ आल्यावर नाववाल्याने इंजिन बंद केलं. नाव आपल्या आपण पुढे सरकत राहिली, हळू होत गेली, आणि कळेल न कळेल अशी काठाला टेकली. ती ताडकन उभी राहिली. नाव हलली, मी फळीला धरलं.

"देखा," ती म्हणाली. "इज-आउट."

नाववाल्याने कोण आउट झालं म्हणून विचारलं. त्याला वाटलं आमच्याकडे मॅच लागली आहे. तिने त्याला पुन्हा एकदा नाव आत नेऊन इंजिन बंद करायला सांगितलं आणि तो का म्हणून न विचारता घेऊन गेला. त्या दुसऱ्या वेळी तिने डोळे मिटून घेतले होते.

मुलीचं लग्न ठरलं ते या सगळ्याच्या मधोमध. मुलगा तिच्याच शाळेतला, आता इथल्या एका कारखान्यात इंजिनियर. त्याचं घर टोकरखाड्याला, माणसं गुजराती. त्याची आई सिल्वासातच वाढलेली, शेजार मराठी असल्याने ती आमच्याशी मराठीतच बोलायची आणि अडलं की गुजरातीत शिरायची. मला ती वेवाई म्हणायची आणि बायकोला वेवाण, म्हणजे आपल्याकडचे व्याही आणि विहीण. पहिल्याच भेटीत तिने बायकोला विचारलं, वेवाई नेहमीच एवढं बोलतात का? मी तोपर्यंत नमस्काराखेरीज काही बोललो नव्हतो.

पत्रिकेचा प्रश्न आला. मजकूर मराठीत हवा, गुजरातीत हवा, कारखान्यातल्या लोकांसाठी हिंदीत हवा. छापखानेवाला म्हणाला, एवढं बसवायचं तर पत्रिका नव्हे, वर्तमानपत्र काढा. बायको या संधीची वाटच बघत होती. तिने जाहीर केलं की पत्रिका इंटरनेटवर, वेबपानावर होईल, आणि तीच करेल.

तिच्या मनात काय होतं ते तिने मला त्या रात्री जेवताना सांगितलं. पान उघडलं की समोर अंतरपाट दिसेल, स्वस्तिक काढलेला. त्यावर बोट टेकवलं की अंतरपाट सावकाश दूर होईल आणि मागे दोघांची नावं, आईवडिलांची नावं, मुहूर्त, स्थळ.

"छापलेली पत्रिका लोक घेतात, तारीख बघतात आणि टीव्हीवर ठेवून देतात," ती म्हणाली. "ही त्यांनी उघडायची. एकेकाच्या हाताने अंतरपाट दूर झाला पाहिजे. सावकाश. उडी मारली तर लग्न लागलं असं वाटणार नाही."

हा तिचा हट्ट होता. बाकी पानाचे रंग, अक्षरं, गणपतीचं चित्र याबद्दल कुणीही काहीही सांगावं, ती बदलायची. अंतरपाट मात्र सावकाशच जायला हवा होता.

जायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. विहीणबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या की त्यांच्यात पडदो खाली घेतात. बायको म्हणाली, आमच्यात उत्तरेकडे ओढून घेतात. तसं ते खरंच आहे. गुरुजी अंतरपाट उत्तरेच्या बाजूला काढून घेतात. विहीणबाईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, "पण वेवाण, मोबाइलमां उत्तर कुठे?"

बायकोने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "वर."

आयुष्यभर जिने नकाशे काढले तिच्यापुढे दुसरं उत्तरच नव्हतं. कागद कुठलाही असो, उत्तर वर. विहीणबाई हसत सुटल्या. मोबाइल उलटा पकडला तर, असं त्यांनी विचारलं. त्या फक्त गंमत करत होत्या. पण बायकोने लॅपटॉप जवळ ओढला. ते पाहून मी पुस्तक मिटलं.

मोबाइलमध्ये होकायंत्र असतं. तिने ते पानाला जोडलं. आता अंतरपाट वर जाणार नव्हता, खऱ्या उत्तरेला जाणार होता. फोन कसाही धरा. पडताळा घेण्यासाठी आम्ही दोघं दिवाणखान्याच्या मधोमध फोन हातात घेऊन गोल फिरू लागलो. आमच्या घराची उत्तर स्वयंपाकघराकडे आहे. मी खिडकीकडे तोंड केलं, बोट टेकवलं, अंतरपाट घसरत स्वयंपाकघराच्या बाजूला निघाला. मी दाराकडे वळलो, तो पुन्हा स्वयंपाकघराकडेच. मी फिरतो आहे, तो मधल्या मधे दिशा बदलतो आहे, ती माझ्याभोवती फिरत "आता देखा, आता देखा" म्हणते आहे. शेवटी मला गरगरलं आणि मी दिवाणावर बसलो. ती माझ्याशेजारी येऊन आदळली. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. दम लागला तसा ती म्हणाली की पाहुण्यांना लग्नाआधीच चक्कर यायला नको. उत्तर पुन्हा वर गेली ती कायमची.

मग उरला वेळ. अंतरपाट दूर व्हायला किती वेळ लागावा? तिने ठरवलं की गुरुजींना "शुभमंगल सावधान" म्हणायला जेवढा लागतो तेवढा. म्हणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मंगलाष्टकं मला पाठ होती. नुसती शेवटची ओळ म्हटली तर सूर खरा लागत नाही, म्हणून ती मला अख्खं कडवं म्हणायला लावायची आणि "सावधान"ला मोबाइलवर वेळ मोजायची. सकाळी आवाज वेगळा, जेवणानंतर वेगळा, म्हणून दोन्ही वेळा मोजणी व्हायची. आमच्या खालच्या मजल्यावर धाग्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक बिहारी गृहस्थ राहतो. तो दिवसा झोपतो. एके दिवशी दुपारी तो वर आला, दारात उभा राहिला आणि फार नम्रपणे म्हणाला, "अंकल, शादी किसकी है? रोज हो रही है."

ती आत स्वयंपाकघरात हसू दाबत ओट्याला धरून बसली होती. मला एकट्याला त्याला उत्तर द्यावं लागलं, आणि मी काय दिलं ते आठवत नाही.

वेळ तीन सेकंद ठरला. चाल पाहुण्याची. पान जवळजवळ झालं होतं.

ती गेल्यावर दिवसकार्य झालं आणि विहीणबाई नवऱ्याला घेऊन आल्या. लग्न वर्षाच्या आत करा, नाहीतर मग थांबा, असं दोन्हीकडच्या मोठ्या माणसांचं म्हणणं पडलं. मुलगी नको म्हणत होती. मी हो म्हटलं. कन्यादान माझे भाऊ-वहिनी करतील असंही ठरलं. पत्रिकेचा विषय निघाला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ते पान राहू दे. साधा फोटो करून पाठवू."

तिला ते पान बघवत नव्हतं. मी तिला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. पत्रिका दिवाळीनंतर जायच्या होत्या. तोवर अंतरपाट तिच्या आईला हवा होता तसा जाईल असं मी बघतो, नाही जमलं तर फोटो पाठव, असं आमचं ठरलं. ती बरं म्हणाली, पण मला जमेल असं तिला वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. मी जन्मात उंट म्हणण्यापलीकडे त्या भाषेत काही केलं नव्हतं.

करायचं तसं थोडंच होतं. वधूच्या आईच्या नावाआधी "कै." लिहायचं होतं, पत्रिकेत तसा रिवाज आहे. आणि वेळ बदलायचा होता. तो मी माझ्यापुरता ठरवला होता. एका सकाळी मी पान उघडून एकट्याने कडवं म्हणून पाहिलं, तर माझं "सावधान" संपायच्या आत अंतरपाट निघून गेला. माझा आवाज हळू झाला होता. तीन सेकंद आता पुरत नव्हते, चार हवे होते.

मी कीबोर्ड मराठीवर आणला. "कै." लिहिलं. ते लिहायला किती वेळ लागला ते सांगत नाही. मग खाली गेलो, तिच्या ओळीतला तीन खोडला, चार लिहिला, आणि पान उघडलं. बोट टेकवलं.

अंतरपाट नाहीसा झाला. सरकला नाही, निघाला नाही. होता आणि नव्हता. तिला नको होती ती उडी.

कुठेही चूक दाखवणारी ओळ आली नाही. मी चार खोडून पुन्हा तीन केला. तरी तेच. म्हणजे वेळेत चूक नाही, मी दुसरं काहीतरी मोडलं, असं मी समजलो. मग "कै." काढून पाहिलं. तेच. उंट तपासले, सगळे उंट पाठीसकट जागेवर होते. ब्राउझरला आधी बघायला लावायची तिची ओळ होती तशी होती. काही दिवस मी रोज सकाळी बसायचो, तिच्या ओळी वाचनपाठासारख्या पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचो आणि बोट टेकवायचो. अंतरपाट रोज उडी मारायचा. हिंदीतल्या मुलालाही ऐकलं. तो उत्साहाने पुष्कळ सांगत होता, पण माझ्या दुखण्याबद्दल काही सांगत नव्हता. मुलीचा फोन आला की ती पानाबद्दल विचारायची नाही आणि मी सांगायचो नाही. दिवाळीचा फराळ विहीणबाईंकडून आला.

भाऊबीजेच्या दुपारी मी चष्मा पुसून पुन्हा बसलो. माझी वेळेची ओळ होती, आणि तिच्या बरोबर खाली तिची ओळ होती, अंतरपाटाच्या रुंदीची. त्यात तीनशे होते. दोन तीन एकाखाली एक आले होते. मी ते बघत राहिलो. दोन्ही एकसारखे दिसत होते आणि एकसारखे नव्हते.

माझ्या तीनाला शेपटी होती.

तिचा तीन इंग्रजी होता. माझा मराठी. "कै." लिहायला कीबोर्ड मराठीवर आणला तो मी परत फिरवलाच नव्हता. चार लिहिला तो ४, पुन्हा तीन केला तो ३. ब्राउझरला मराठी अक्षरं चालतात, मराठी आकडे कळत नाहीत. आणि कळलं नाही तर तो विचारत नाही, तेवढी ओळ सोडून पुढे जातो. वेळच कळला नाही तर सावकाश कसा जाईल? सबंध नोकरीत मी मराठीच्या पेपरात इंग्रजी आकडा दिसला की त्याखाली लाल रेघ मारली. मुलं, त्यांचे पालक, खुद्द मुख्याध्यापक, कुणालाही सोडलं नाही. इतक्या वाचनपाठांत तो ३ मला खटकला नाही, कारण तोच मला बरोबर वाटत होता.

मला हसू आलं. आधी थोडं आलं, मग आवरेना. ती गेल्यापासून घरात तो आवाज झाला नव्हता. मी कीबोर्ड इंग्रजीवर आणला, शेपटीचा आकडा खोडला, 4 लिहिला. बोट टेकवायच्या आधी कडवं सुरू केलं. "सावधान"ला बोट टेकवलं. अंतरपाट रेंगाळला, निघाला, वर गेला, वरच्या कडेशी पुन्हा रेंगाळला आणि मी ओळ संपवली तेव्हा मागची नावं पूर्ण दिसत होती. मी पुन्हा केलं. मग पुन्हा. खालचा बिहारी गृहस्थ वर आला नाही. त्याला ठाऊक होतं.

मी मुलीला फोन लावला. ती भावाला म्हणजे माझ्या पुतण्याला ओवाळायला डहाणूला गेली होती, मागे माणसांचा गलबला होता.

"तीनाला शेपटी होती," मी म्हणालो.

ती गलबल्यातून बाजूला आली. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, काकांना पाठवू का तिकडे?"

मला आणखी हसू आलं आणि सांगता येईना. शेवटी मी तिला पान उघडायला सांगितलं. तिने उघडलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. पलीकडे कुणीतरी तिला काय झालं म्हणून विचारलं आणि तिने बहुतेक फोन त्यांच्यापुढे धरला. कारण थोड्या वेळाने तिकडून वहिनीचा आवाज आला, वर गेला गं. मग भाऊ, मग पुतण्या. प्रत्येकाला आपल्या बोटाने करायचं होतं. फोन चालूच होता, मी इकडे ऐकत होतो.

"पाठव," मुलगी म्हणाली. "सगळ्यांना पाठव. आत्ता."

मी पाठवलं.

संध्याकाळपर्यंत टोकरखाड्याहून फोन सुरू झाले. विहीणबाईंच्या घरी एकाच फोनवर सगळ्यांचं भांडण चाललं होतं. कुणीतरी पडदो वर जात असताना मधेच पुन्हा बोट टेकवलं म्हणून तो अर्ध्यावरून परत खाली आला, आणि हे अशुभ तर नाही ना, असं आजेसासूबाईंनी विचारायला सांगितलं होतं. मी म्हटलं, नवरा मुलगा लाजला असं समजा.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी एकट्याने फोन केला. त्या आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "वेवाई, एक विचारू? वेवाणच्या नावाआधी लिहायचं राहिलं का काही?"

मी पान उघडून पाहिलं. चूक शोधताना "कै." काढलं होतं, ते परत घालायचं राहून गेलं होतं. पत्रिका सगळीकडे गेल्या होत्या, पण पान एकच असतं. मी आत्ता बदललं असतं तर सगळ्यांच्या हातात बदललं असतं. त्यांना ते ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी फोन केला होता.

"राहिलं," मी म्हणालो. "आता राहू द्या म्हणतो."

"हां," त्या म्हणाल्या, "राहू द्या. बोलावणं तर तिचंच छे ने."

लग्न झालं. मंगलाष्टकं संपली, "सावधान" झालं आणि गुरुजींनी अंतरपाट उत्तरेकडे, म्हणजे मांडवात जिकडे उत्तर होती तिकडे, बाजूला ओढायला घेतला. तसा मुलाकडच्या पोरासोरांनी एकच गिल्ला केला, उपर, उपर. गुरुजी गोंधळले. त्यांनी अंतरपाट हातात तसाच धरून विहीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोट वर केलं. गुरुजींनी तो डोक्यावरून वर उचलला, दोघं एकमेकांना दिसले, आणि अक्षता पडल्या.

मुलगी आता टोकरखाड्याला असते. मी डोकमर्डीला असतो. ते पान अजून इंटरनेटवर आहे. त्यावरची तारीख होऊन गेली आहे. वधूच्या आईच्या जागी तिचं नाव आहे.